पडल्या-पडल्या चौदाशे छत्तीस

आप्पांना 'काय चाललंय?' असं कधी विचारू नये. बाकी कुणालाही विचारावं. सुरतेत त्याला 'बस, मजामां' असं उत्तर येतं, आमच्या खान्देशी मंडळींकडून 'चाललंय आपलं' असं येतं, आणि दोन्ही उत्तरांनंतर माणूस आपल्या वाटेनं जायला मोकळा होतो. आप्पा मात्र हिंचक्यावर उताणे पडलेले असतात. डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. हिंचकाही हलत नसतो, कारण हलला तर हिशेब चुकतो. त्याच अवस्थेत ते म्हणतात, "जळतंय."

नवखा पाहुणा हे ऐकून स्वयंपाकघराकडे धावतो. तिथे काकू साडीला टिकल्या चिकटवत बसलेल्या असतात. त्या मान वर न करता सांगतात, "गॅस बंद आहे. ते आतलं म्हणतायत."

"चौदाशे छत्तीस कॅलरी," आप्पा डोळे न उघडता खुलासा करतात. "रोजच्या. पडल्या-पडल्या. काही न करता! हृदय, फुप्फुसं, लिव्हर, किडनी, सगळं चोवीस तास चालू. एकटा मेंदू त्यातले वीस टक्के खातो, भाऊ. दीड किलोचा जीव, पण खाणं बघा."

"वापरला तर ना," काकू आतून.

"वापरला नाही तरी जवळपास तेवढंच खातो. शास्त्र आहे ते."

"तेच म्हणते मी."

आजकाल असा एखादा आप्पा घराघरात सापडतो. कुणाचा मेव्हणा बारशाच्या पंगतीत जिलबीकडे बघून आकडा पुटपुटतो, कुणाची नणंद चहात साखर पडताना 'वीस… चाळीस…' असं मोठ्यानं मोजते. पण आमच्या आप्पांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते सुरतेत राहतात. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' हे ज्या गावाचं ब्रीद, जिथे रविवारची सकाळ लोच्यावर तेल आणि शेव पडल्याशिवाय उजाडत नाही, थंडीत पोंक, उत्तरायणाला उंधियू, पावसाळ्यात डुमसच्या किनाऱ्यावर भजी आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी घारी, त्या गावात आप्पांनी कॅलरी मोजायला घेतल्या. एकदा त्यांनी लोच्याच्या लारीवर 'तेल वगर' असं सांगितलं, तेव्हा लारीवाल्यानं हातातला झारा खाली ठेवून काळजीनं विचारलं होतं, "काका, तबियत बराबर नथी?"

आप्पा मूळचे अमळनेरचे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या पट्ट्यात जी हजारो खान्देशी कुटुंबं तापी लाइनच्या गाडीनं येऊन स्थिरावली, त्यांतलंच त्यांचं एक. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी उभं आयुष्य बॉयलरवर काढलं. जेट मशीनला वाफ, स्टेंटरला उष्णता, सगळं त्यांच्या दाबाच्या काट्यावर. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद असत, तरी बॉयलर विझवत नसत. थोडा थोडा कोळसा टाकून दाब धरून ठेवावा लागे. दर सोमवारी शेठ वही बघून ओरडत, "बधुं बंध हतुं, तो कोलसो क्यां गयो?" आणि आप्पा दर सोमवारी समजावत की शेठ, बॉयलर नुसता जिवंत ठेवायलाही कोळसा लागतो. शेठना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

त्यामुळे निवृत्तीनंतर तपासणीत साखर 'बॉर्डरवर' निघाली आणि डॉक्टरांनी विश्रांतीतला चयापचय म्हणजे काय हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे रविवारचा कोळसा!" ते म्हणाले. डॉक्टर गप्प झाले. पुढची पाच मिनिटं आप्पांनीच त्यांना समजावून सांगितलं, असं काकू सांगतात. उपमा अचूक आहे, हे मान्य करायला हवं. आपण दिवसभरात जी ऊर्जा वापरतो तिचा साठ-सत्तर टक्के हिस्सा नुसतं जिवंत राहण्यात जातो. दहाएक टक्के खाल्लेलं पचवण्यात. चालणं, बोलणं, भांडणं, बस पकडणं हे सगळं उरलेल्यात भागतं. ज्या शेठनी 'बधुं बंध हतुं' म्हणून आप्पांना छळलं, त्यांच्यावर आप्पांनी असा वीस वर्षांनी शास्त्रीय विजय मिळवला.

मग वही आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, गादीवर हिशेबाला वापरतात तसली. पहिल्या पानावर ॐ, दुसऱ्या पानावर सूत्र. वजन गुणिले दहा, अधिक उंची गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले पाच, अधिक पाच. बायकांसाठी शेवटी पाच मिळवण्याऐवजी एकशे एकसष्ट वजा. हे मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० चं सूत्र. आप्पा बहात्तर किलो, एकशे पासष्ट सेंटिमीटर, वय चौसष्ट. उत्तर १४३६ आणि वर पाव.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण कुणीतरी त्यांना हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं १९१९ चं जुनं सूत्र दिलं. त्यानं उत्तर आलं १४५०. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं आलं. आपल्या लोकांचा चयापचय जागतिक सूत्रांपेक्षा पाचेक टक्के कमी भरतो म्हणून कापून घेतलेलं. साठीपुढच्या पुरुषासाठी वजन गुणिले १२.८ अधिक ४६३. उत्तर १३८५. माणूस एक आणि आकडे तीन! आप्पांना दोन रात्री झोप लागली नाही. (झोप न लागल्यानं कॅलरी किती वाढतात, हेही वहीत आहे.) काकूंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान, यात फरक किती?" पासष्ट, आप्पा म्हणाले. "म्हणजे एक फुलकासुद्धा नाही," असं म्हणून काकूंनी तो फुलका त्यांच्या ताटात टाकला.

आप्पांनी मधला आकडा धरला. सरासरीवर विश्वास म्हणून नव्हे. जुना फार जुना आणि भारतीय फार कंजूष, म्हणून. वास्तविक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेबद्दल त्यांना फार आदर. ही प्रयोगशाळा पूर्वी कुन्नूरला होती, १९५८ साली हैदराबादला आली, आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला तिची धुरा डॉ. व्ही. एन. पटवर्धनांकडे होती, हे ते अशा थाटात सांगतात की पटवर्धन जणू अमळनेरलाच त्यांच्या शेजारी राहत होते. "आपला माणूस!" पण आपल्या माणसानं आपल्या वाट्याचे पाच टक्के कापावेत, हे त्यांना रुचत नाही.

वाढदिवस हा त्यांचा दुःखाचा दिवस. सूत्रात वयाला पाचानं गुणून वजा करायचं असतं, त्यामुळे दर वाढदिवसाला पाच कॅलरी जातात. चौसष्टावा लागला तेव्हा नातू केक घेऊन आला, तर आप्पा म्हणाले, "आजपासून पाच कापल्या." सूनबाईंना वाटलं पेन्शनमधून कापल्या.

खऱ्या मोजणीची त्यांची फार इच्छा आहे. प्रयोगशाळेत ती कशी होते हे त्यांना पाठ आहे. रात्रीच्या जेवणाला बारा तास होऊन गेलेले हवेत, झोप पूर्ण हवी, माणूस जागा हवा पण हलता कामा नये, खोली ना गार ना गरम, मन शांत, आणि मग श्वासातला प्राणवायू किती घेतला नि कार्बन डायऑक्साइड किती सोडला ते यंत्रावर मोजायचं. आप्पा आठवड्यातून एकदा, यंत्र सोडून बाकी सगळी तयारी करतात. सकाळी सहाला छताकडे बघत निश्चल पडून राहतात. दूधवाला बेल वाजवतो, नळाला पाणी येतं, काकू ओरडतात 'मोटर चालू करा', आप्पा ओठ न हलवता म्हणतात, "मन शांत हवं." यावर काकूंचा अभिप्राय असा की नाइट शिफ्ट करून आले की हा माणूस हेच करायचा, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं.

काकूंचं प्रकरण मात्र जरा वेगळं घडलं. विश्रांतीचा आकडा निघाला की त्याला दिवसभराच्या हालचालीच्या गुणकानं गुणायचं असतं. बैठं काम १.४, मध्यम १.८, भारी २.३. आप्पांचे झाले दोन हजार दहा. मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा तक्ता करून फ्रिजवर लावला. संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात पंचावन्न किलोच्या बाईला बैठ्या कामासाठी १६६० कॅलरी दिल्या आहेत आणि काकू टिकल्या लावायला बसतात हे सर्वांना दिसतंच. आप्पांनी लिहिलं: 'सौ. — बैठे काम — १६६०.'

काकूंनी तक्ता वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या सकाळी खुर्चीत बसल्या आणि बसूनच राहिल्या. चहा आला नाही. मोटर कुणी लावली नाही म्हणून टाकी भरली नाही. गच्चीवरचे कपडे गच्चीवरच राहिले, ते आणायला आप्पा तीन जिने चढले. दळण पडून होतं, ते घेऊन गिरणीत गेले. टिकल्या लावलेल्या साड्यांचं पोतं जॉबवाल्याकडे पोचवायचं होतं, ते खांद्यावर टाकून निघाले आणि कोपऱ्यावर रिक्षा केली. दुपारी नातवाला शाळेतून आणलं. काकू खुर्चीतून प्रेमानं विचारत होत्या, "दमलात? छे, हे सगळं बैठ्या कामात येतं." संध्याकाळी तक्त्यात खाडाखोड झाली: 'सौ. — मध्यम — २१३०.'

"चारशे सत्तर वाढवून दिल्या म्हणायच्या," काकू म्हणाल्या. "आणि मागच्या बेचाळीस वर्षांची थकबाकी?"

आप्पांनी तोही गुणाकार करून पाहिला असणार. ते पान वहीतून फाडलेलं आहे.

दरम्यान अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या जेम्स लेव्हिन यांचा १९९९ चा प्रयोग आप्पांच्या वाचनात आला. सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही, कुणाची चार किलोंवर गेली. न वाढलेले व्यायाम करत नव्हते. त्यांची नकळत होणारी चुळबुळच जास्त होती. उठणं, बसणं, वळणं, हलणं. आप्पांनी त्याच दिवसापासून पाय हलवायला घेतला. आता खान्देशात बसल्या-बसल्या पाय हलवला की घरातली कुठलीही बाई गुडघ्यावर फटका मारून सांगते, लक्ष्मी जाते. आप्पांच्या आईनं त्यांना लहानपणी ज्या सवयीबद्दल बडवलं, ती त्यांनी चौसष्टाव्या वर्षी मेयो क्लिनिकच्या पाठिंब्यानं पुन्हा सुरू केली. सोसायटीच्या सत्यनारायणाला यजमानपद त्यांच्याकडे होतं. पोथी चालू असताना पाट टकटक वाजायला लागला. गुरुजींनी दोनदा थांबून बघितलं. तिसऱ्यांदा काकूंनी त्यांच्या मांडीवर प्रसादाचं ताम्हन ठेवलं, तेव्हा पाय थांबला.

मोजमापाचा नाद माणसाला कुठे कुठे नेतो! चारशेएक वर्षांपूर्वी इटलीत सँक्टोरियस नावाचा वैद्य होता. तो वजनकाट्याला टांगलेल्या खुर्चीत बसूनच जेवायचा, आणि आत गेलेलं आणि बाहेर पडलेलं यांचा ताळा वर्षानुवर्षं मांडायचा. १६१४ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. आप्पांना असा पूर्वज सापडल्याचा एवढा आनंद झाला की ते जेवणाआधी आणि जेवणानंतर खालच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या पार्सल काट्यावर उभे राहू लागले. कपड्याच्या गाठींच्या मध्ये आप्पा. हमाल सवयीनं त्यांच्यावरही मार्काचा खडू ओढायचे. घरी त्यांनी स्वयंपाकाचा डिजिटल काटा आणला, पण त्यावर एकटा शेंगदाणा उठत नाही. म्हणून ओळखीच्या एका हिरेदलालांच्या काट्यावर तो ठेवला. अडीच कॅरेट भरला. कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, तेव्हा अर्धा ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन कॅलरी. दलालकाका काठियावाडी, त्यांनी शेंगदाणा चिमट्यात धरून भिंगाखाली फिरवला आणि म्हणाले, "आप्पा, केरेट बराबर छे, पण क्लेरिटी नथी."

शेंगदाण्याचा हा आकडा पुढे फार कामाला आला. सोसायटीतली जिमला जाणारी पोरं आप्पांना टाळतात ती त्याच्यामुळे. 'मसल वाढवला की बसल्या-बसल्या चरबी जळते' असं कुणी म्हणालं की आप्पा थांबवतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेरा कॅलरी खातो, चरबीचा किलो साडेचार. म्हणजे सहा महिने लोखंड उचलून एक किलो कमावलास, तर रोज चार-पाच शेंगदाणे जास्त. पोरांचे चेहरे पडतात. मग आप्पांनाच वाईट वाटतं आणि ते सांगतात की तरी उचल बाबा, साखरेला बरं असतं. बारीक पोरांना तर ते अधिकच संशयानं बघतात. त्याला कारण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन यडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिनसाहेबांची नऊ टक्के आणि याज्ञिकांची एकवीस. आपला सडपातळ माणूस आतून किती सडपातळ आहे ते काट्याला कळत नाही, हे त्या फोटोचं म्हणणं. आप्पा ते स्वतःच्या भाच्याला सर्वांदेखत ऐकवतात: "तू दिसतोस बारीक. आत काय साठवलंयस ते याज्ञिकांना विचारायला पाहिजे."

आप्पांच्या पुतणीला बघायला दोंडाईच्याहून मंडळी आली होती, तो प्रसंग आमच्या सोसायटीत अजून सांगितला जातो. पोहे झाले, चहा झाला. आप्पांनी मुलाला उंची विचारली. एकशे सत्तर. मंडळी खूश. वय अठ्ठावीस. ठीक. मग वजन विचारलं. मुलानं घाबरून पासष्ट सांगितलं. आप्पांनी पेपरच्या कडेवर आकडेमोड केली आणि समाधानानं मान डोलावली. "पंधराशे सत्त्याहत्तर. पडल्या-पडल्या!"

मुलाच्या मामांना कानानं थोडं कमी ऐकू येत असे. ते पुढे सरकले. "रोजचे?"

"रोजचे."

"काही न करता?"

"काही न करता. झोपून राहिला तरी."

मामांनी मुलाच्या वडिलांकडे असं बघितलं की ही मिळकत तुम्ही आमच्यापासून लपवलीत कशी. "आणि हिंडला-फिरला, कामधंदा केला तर?"

"मग अठ्ठावीसशेच्या वर."

मामा उठून मुलाच्या पाठीवर थोपटते झाले. मुलाच्या वडिलांना वाटलं, मुलीकडच्यांनी एवढी चौकशी करून मान डोलावली तर आपण कशाला खोडा घाला. अर्ध्या तासात सुपारी फुटली. खरा प्रकार कळल्यावर मामा लग्नाच्या पंगतीत आप्पांशी बोलले नाहीत, पण जावई चांगला निघाला आहे. हिंडतो-फिरतो.

हे सगळं वाचून आप्पा काटेकोर खात असतील असं वाटेल. इथेच खरी मौज आहे. घारीचंच बघा. सुरतेत अशी आख्यायिका आहे की सत्तावनच्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून घारी बनवली गेली. मैद्याची पारी, आत मावा नि सुकामेवा, आणि वरून थिजलेल्या तुपाचा थर. चंदी पडव्याला सगळी सुरत ती घेऊन रस्त्याकडेला बसते. आप्पा पहिल्यांदा ऐतिहासिक भूमिका मांडतात. सैनिकाचं काम भारी, गुणक २.३. आपला १.४. म्हणून आपण अर्धीच. वहीत 'घारी अर्धी' अशी नोंद होते. त्यानंतर उरलेली अर्धी वाळून जाईल म्हणून खाल्ली जाते, पण अर्धी ही आधीच लिहिलेली असल्यामुळे पुन्हा लिहायची गरज त्यांना वाटत नाही. एका वर्षी त्यांनी वरचं तूप सुरीनं खरवडून वाटीत काढलं आणि वजन केलं. वीस ग्रॅम, नवानं गुणून एकशे ऐंशी कॅलरी वाचल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी ती वाटी खिचडीवर ओतली. खिचडी फार छान झाल्याचं आप्पांनी सांगितलं.

नवापूरची गंमत तर तापी लाइनवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. आप्पांनी त्याचा कायदेशीर अर्थ लावला आहे. उधन्याहून गाडी सुटली की बारडोली, व्यारा करत नवापूरपर्यंत ते डब्यातल्या चाळीस ग्रॅम चुरमुऱ्यांवर असतात. नवापूर आलं की वही बॅगेत जाते. पुढे दोंडाईचा, शिंदखेडा आणि मग अमळनेरला बहिणीच्या घरी खापरावरचे मांडे, भरीत, तर्रीवाली शेवभाजी, कळण्याची भाकरी. बहीण म्हणते, "दादा, किती वाळलास रे," आणि आप्पा त्यावर काही वाद घालत नाहीत. परतीच्या वाटेवर नवापूर ओलांडलं की वहीत चार दिवसांची मिळून एक ओळ येते: 'प्रवास. हलका आहार.'

एकदाच त्यांनी खरोखर खाणं तोडलं होतं. डॉक्टरांनी पाच किलो कमी करायला सांगितलं, आप्पांनी दोन हजार दहावरून थेट हजारावर उडी मारली. पहिले काही दिवस काटा झरझर उतरला. मग थांबला. आप्पांना भर उन्हाळ्यात पंखा सोसेना. दुपारी चार वाजता ते कुणावरही ओरडायचे, आणि रात्री मोबाइलवर एकामागून एक बासुंदीचे व्हिडिओ बघायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात अँसेल कीज यांनी छत्तीस तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. तेही गारठायचे, चिडायचे आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि त्यांचा विश्रांतीतला खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरला होता. डॉक्टरांनी हे सांगायला सुरुवात केली तर आप्पांनीच वाक्य पूर्ण केलं: कोळसा तोडला की दाब उतरतो. तेव्हापासून दोन-अडीचशे कमी, संध्याकाळी तासभर चालणं, आणि डाळ-उसळ जरा जास्त, यावर तह झाला आहे. साखर आता बरी आहे.

वयाची सबब मात्र त्यांच्याकडून कायमची गेली. २०२१ साली 'सायन्स'मध्ये एकोणतीस देशांतल्या चौसष्टशेंहून अधिक लोकांच्या मोजण्या एकत्र करून दाखवलं गेलं की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळजवळ तसाच राहतो. साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के घसरतो. आप्पांनी चार वर्षांचा हिशेब केला: चाळीस कॅलरी. दोन चमचे साखर. "म्हणजे," काकूंनी त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं, "हे चाळिशीत आलं ते वयानं आलं नाही. लोच्यानं आलं." आप्पांनी त्या दिवशी वही उघडली नाही.

अलीकडे त्यांना कळलंय की जळलेली चरबी बहुतेक सगळी कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते. हे त्यांनी काकूंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग एवढं बोलून तुम्ही एव्हाना काडी व्हायला हवे होतात."

माझं मत विचाराल तर आप्पांच्या गणितात चूक नाही. सूत्र सरासरी माणसाचं असतं, एकाच उंची-वजनाच्या दोघांत दीडदोनशेचा फरक सहज निघतो, आणि वही गळते ती खाण्याच्या बाजूनं. उभ्यानं खाल्लेलं, नातवाच्या ताटातलं उरलेलं, आणि काकूंनी 'मीठ बघा हो' म्हणून पुढे केलेलं, हे कधी कुणी लिहिलं आहे? पण आकडे चुकले तरी माणूस सकाळी कशानं उठतो हे महत्त्वाचं, आणि आप्पा वहीसाठी उठतात. सोसायटीतल्या पाचसात जणांनी त्यांच्या धाकानं साखर तपासून घेतली, त्यातल्या दोघांना वेळेवर कळलं. याची नोंदही वहीत नाही.

तेव्हा डिंडोलीकडे कधी आलात तर आप्पांना जरूर भेटा. काकू चहा देतील, साखर सांगून घ्या. आप्पा वय, उंची आणि वजन विचारतील. वजन खरं सांगा. दोन किलो चोरलेत तर सूत्रात वीस कॅलरी कमी येतात, आणि खाली ट्रान्सपोर्टवाल्याचा पार्सल काटा रात्री नऊपर्यंत चालू असतो.